सेफ्टीसाहेबांनी टाकी सील केली

"गॅरेजला कशाला? टाकी मी घरीच करतो," असं सेफ्टीसाहेब सासऱ्यांना ठणकावून म्हणाले, आणि म्हणून झाल्यावर घाबरले.

तसं घाबरणं हा त्यांचा पोटापाण्याचाच धंदा. रंगाच्या कारखान्यात ते एकोणीस वर्षं सुरक्षा अधिकारी होते. काय पेटेल, कोण पडेल, कुणाचं बोट कशात सापडेल याची आधीच भीती बाळगायची, याचाच त्यांना पगार मिळायचा. बाकीची माणसं संकट आलं की घाबरतात. सेफ्टीसाहेब आगाऊ घाबरून मोकळे! घरीही ड्यूटी चालूच. कामावर निघाले की गॅस बंद आहे ना हे बघायला जिन्यातून दोनदा वर यायचे, आणि तिसऱ्यांदा फाटकातून बायकोला फोन करायचे.

सासऱ्यांचं सगळं उलटं. चाळीस वर्षं क्रेन चालवलेला माणूस. हेल्मेट आयुष्यात एकदाच घातलेलं, तेही फोटोवाल्याने आग्रह केला म्हणून. हा होणारा जावई पहिल्यांदा घरी आला तेव्हा बसण्याआधी त्याने खुर्चीचे चारही पाय हलवून बघितले होते. सासऱ्यांनी ते पाहिलं आणि तिथल्या तिथे निकाल लावला: भित्रा. तो निकाल चौदा वर्षांत बदलला नव्हता.

आता झालं असं, की सासऱ्यांची जुनी मोटरसायकल आठ वर्षं जावयाच्या पार्किंगमध्ये ताडपत्रीखाली झोपून होती. गुडघ्याचं ऑपरेशन उरकल्यावर सासऱ्यांना तिची आठवण झाली. येत्या रविवारी संध्याकाळी पाच वाजता येतो आणि एक चक्कर मारतो, असं त्यांनी जाहीर केलं. तिच्या पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडून बॅटरीने आत बघितलं, तर गंजाचे पापुद्रे वटवाघळांसारखे लोंबत होते. सेफ्टीसाहेब दोन पावलं मागे सरले. तेवढ्यात सासरे लेकीला म्हणाले, "गॅरेजवाल्याला बोलाव गं. यांना नको सांगूस काही, हे घाबरतील."

हे झोंबलं. त्यातून ते पहिलं वाक्य बाहेर पडलं.

सेफ्टीसाहेबांनी मन लावून काम सुरू केलं. टाकी गाडीवरून काढून उघड्यावर रिकामी केली, तिसऱ्या मजल्यावर घरी नेली, साबणाच्या पाण्याने तीनदा धुतली, मग काठोकाठ व्हिनेगर भरून त्यात दोन मुठी नटबोल्ट सोडले आणि शुक्रवार-शनिवार सवड मिळेल तेव्हा टाकी हलवत बसले. आतला गंज खरवडून निघायला हे करावंच लागतं. पण तिसऱ्या मजल्यावर दोन दिवस लोखंड खडखडत असलं आणि जिन्यात आंबट वास उतरत असला, तर खालच्या मजल्यावरच्या माणसाला काय वाटेल? आणि खालच्या मजल्यावर राहत होते इमारतीचे सेक्रेटरी. त्यांनी जिन्यात सेफ्टीसाहेबांच्या बायकोला गाठून, वर काय चाललंय म्हणून विचारलं. ती बिचारी दोन दिवसांच्या खडखडाटाने आधीच कावली होती. "विचारूच नका," एवढंच म्हणून ती जिना चढून गेली. सेक्रेटरी त्या रात्री झोपले नाहीत.

रविवारी दुपारी साडेतीनला टाकी आतून नव्या पातेल्यासारखी लखलखत होती. राहिलं होतं ते सीलर, म्हणजे टाकी गळू नये म्हणून आतून द्यायचं रसायन. दोन डब्यांतलं एकत्र कालवायचं, टाकीत ओतायचं, आणि टाकी सगळ्या बाजूंनी फिरवत राहायची, म्हणजे आत सगळीकडे सारखा थर बसतो. दुकानदाराने बजावून सांगितलं होतं की वीस मिनिटं हात थांबवायचा नाही. थांबलात तर सगळं एका जागी साचेल, तिथेच दगड होईल, आणि मग टाकी भंगारात!

सेफ्टीसाहेबांनी मास्क लावला, गॉगल लावला, कोपरापर्यंत हातमोजे चढवले, वरून हेल्मेट घातलं. टाकीचा खालचा नळ काढून त्या भोकाला चिकटपट्टी लावली, वरच्या तोंडाला प्लास्टिकची पिशवी बांधली, झाकण एप्रनच्या खिशात टाकलं. आणि सीलर ओतायच्या आधी त्यांनी एकोणीस वर्षांच्या सवयीने तेच केलं, जे कारखान्यात कुठलंही काम सुरू करण्याआधी करतात. त्यांनी कामाचं परमिट भरलं.

छापील कागद होता. दाराबाहेर चिकटवायचा. कामाचे स्वरूप: टाकी. संभाव्य धोके: आग, स्फोट, विषारी वाफ, अंधत्व. बाधित होऊ शकणाऱ्या व्यक्ती: सर्व. आणीबाणीत जमण्याचे ठिकाण: फाटकाजवळची मोकळी जागा. कळवावे: अग्निशमन दल. एकही रकाना रिकामा सोडायचा नाही, हा त्यांचा नियम. खाली सही, तारीख, वेळ. कागद चिकटवला, दार आतून लावलं, सीलर ओतलं आणि टाकी फिरवायला लागले.

चारच मिनिटांनी सेक्रेटरी वर आले. आवाज का थांबला, ही त्यांना नवीन काळजी होती. त्यांनी कागद वाचला. पुन्हा वाचला. सेक्रेटरी हे मुळात लेखी सूचना पाळणारे गृहस्थ. त्यांनी बेल वाजवली नाही, दार ठोठावलं नाही. कागदावर जे जे लिहिलं होतं ते ते ओळीने केलं. अग्निशमन दलाला कळवलं. जिन्यातली धोक्याची घंटा दाबली. आणि चारही मजल्यांवरच्या माणसांना फाटकाजवळच्या मोकळ्या जागेत नेऊन उभं केलं.

आत सेफ्टीसाहेबांनी घंटा ऐकली. ही घंटा त्यांनीच भांडून बसवून घेतली होती, आणि आजवर ती एकदाही वाजली नव्हती. म्हणजे इमारतीत खरोखरच काहीतरी पेटलं होतं! आपण लावलेला कागद या जन्मी कुणी वाचेल, हे त्यांच्या स्वप्नातही आलं नाही. कारखान्यात कुणी वाचत नसे. बायको भाजीला गेलेली, हे किती बरं झालं, असं म्हणत त्यांनी टाकी छातीशी धरली आणि जिना उतरायला लागले. पळता पळता टाकी फिरवत होते. डावीकडे, उजवीकडे, उलटी, सुलटी. घाबरलेला माणूस तान्ह्या बाळाला झोपवतोय असं दिसत होतं, फक्त त्याच्या तोंडावर मास्क होता.

फाटकाजवळ उभ्या माणसांनी जिन्यातून हे ध्यान येताना बघितलं आणि सगळी गर्दी एका झटक्यात कुंपणाला चिकटली. सेफ्टीसाहेबांनी ते बघितलं. त्यांची खात्री झाली की धोका आपल्या मागे आहे. ते जिवाच्या आकांताने गर्दीच्या दिशेने धावले. गर्दी दुसऱ्या कोपऱ्यात पळाली. हेही तिकडे वळले. पार्किंगला दोन फेऱ्या झाल्यावर दोन्ही पक्षांना धाप लागली.

"तिला झाकण लावा आधी," सेक्रेटरी पाण्याच्या टाकीमागून म्हणाले.

लोक इतके घाबरलेत तर त्यांचं मन राखावं, म्हणून सेफ्टीसाहेबांनी पिशवी काढून खिशातलं झाकण घट्ट पिळून बसवलं. आणि पुन्हा टाकी फिरवायला लागले.

"आता ती खाली ठेवा."

"खाली ठेवली तर संपलं!" सेफ्टीसाहेब कळवळून म्हणाले.

यानंतर काय झालं ते सांगायलाच नको. तळमजल्यावरच्या निवृत्त बाई, ज्यांना जिना उतरायला रोज दहा मिनिटं लागायची, त्या कुंपणावरून पलीकडे गेल्याचं चार जणांनी पाहिलं.

बंब आला. जाडजूड मिशांचा अधिकारी उतरला. सेक्रेटरींनी दारावरून काढून आणलेला कागद त्याच्या हातात दिला. त्याने तो शांतपणे वाचला, मग सेफ्टीसाहेबांभोवती एक फेरी मारली आणि टाकीला नाक लावलं.

"आत पेट्रोल आहे?"

"थेंब नाही. तीनदा धुतलीय."

"मग स्फोट का लिहिलाय?"

"रकाना होता," सेफ्टीसाहेब म्हणाले.

अधिकाऱ्याने कागद पुन्हा वरून खाली वाचला. इतका नीट भरलेला कागद नोकरीत कधी पाहिला नाही, असं तो म्हणाला. ते कौतुक होतं की काय, कळलं नाही. मग त्याने सगळ्यांना घरी पाठवलं, सेफ्टीसाहेबांना पाऊण तास झापलं, आणि तो कागद पुरावा म्हणून घेऊन गेला. तेवढा सगळा वेळ सेफ्टीसाहेब मान खाली घालून टाकी फिरवत होते. वीस मिनिटं कधीच होऊन गेली होती, पण थांबायचा धीर होत नव्हता.

पाचला सासरे आले. त्यांच्या मागोमाग भाजीची पिशवी घेऊन बायको. पार्किंगमध्ये चिटपाखरू नाही, आणि मधोमध एकटा जावई टाकी घेऊन उभा. सासऱ्यांनी टाकी हातात घेतली, वजन बघितलं, बोटाने टकटक केलं. आवाज खणखणीत आला.

"गंज गेला?"

"सगळा," सेफ्टीसाहेब म्हणाले. हाच तो क्षण होता, यासाठीच तर एवढं केलं.

"गळायची नाही?"

"कधीच नाही."

सासऱ्यांनी झाकण फिरवलं. फिरेना. रुमाल धरून फिरवलं, पाना लावला, टाकी गुडघ्यांत धरून जोर केला. झाकण जागचं हललं नाही. मग त्यांनी टाकी उलटी करून नळाचं भोक बघितलं. तिथली चिकटपट्टी खरवडली तर खाली भोकच नव्हतं. सीलर त्यात भरून गुळगुळीत झालं होतं. सील झाली म्हणजे अशी झाली की मुंगीला आत जायला वाट उरली नव्हती.

"जावईबापू, पेट्रोल कुठून भरायचं?"

बायको म्हणाली, "बाबा, जाऊ दे, आजचं राहू दे. अहो, तुम्ही पण ना." ती बापासमोर नवऱ्याला सांभाळून घेत होती, आणि त्यामुळेच सेफ्टीसाहेबांना जास्त लाज वाटली. चौदा वर्षांचा तो निकाल आता चाळीस वर्षं चालणार.

सासऱ्यांनी मात्र इकडेतिकडे बघितलं, भाजीच्या पिशवीतून पाण्याची प्लास्टिकची बाटली काढली, पाणी झाडांना घातलं. जावयाच्या स्कूटरमधून तीत पेट्रोल काढलं. बुडाला भोक पाडून नळी खुपसली, आणि नळीचं दुसरं टोक मोटरसायकलच्या कार्बोरेटरला जोडलं. क्रेन बंद पडली की आम्ही असंच चालवायचो, म्हणाले. टाकीच्या जागी पोतं अंथरलं. पाचव्या किकला गाडी आठ वर्षांचा घसा साफ करून बोलायला लागली.

"बसा मागे. बाटली उंच धरा. खाली आली की गाडी बंद पडेल."

सेफ्टीसाहेबांनी आयुष्यात जेवढ्या गोष्टींना मनाई केली होती, तेवढ्या सगळ्या त्या एका बाटलीत होत्या. खाली गरम इंजिन, वर उघडं पेट्रोल, मध्ये आपण. त्यांनी बायकोकडे बघितलं. तिने नजर फिरवली. ते बसले. एका हाताने सासऱ्यांचा सदरा धरला, दुसऱ्या हाताने बाटली डोक्यावर धरली. वर सेक्रेटरींच्या खिडकीचा पडदा हलला आणि आत धावाधाव सुरू झाली.

गाडी फाटकाबाहेर पडली, रस्त्याला लागली, वेगात आली. बाटलीतलं पेट्रोल कानाजवळ डचमळत होतं. चौक आला तसा सासऱ्यांनी वेग किंचित कमी केला, पण हँडलवरचा हात पक्काच होता. ते खुशीत होते.

"जावईबापू," ते मागे न बघता म्हणाले, "माझं चुकलं. मी तुम्हाला भित्रा समजत होतो. आता तुमच्यावर भरवसा बसला." मग चौकात शिरता शिरता म्हणाले, "उजवीकडून काही येतंय का बघा हो. मला त्या डोळ्याने हल्ली दिसत नाही."

सेफ्टीसाहेबांनी फाटकातच डोळे घट्ट मिटले होते. ते उघडायचं धाडस काही झालं नाही.

"काही नाही," ते म्हणाले. "चला."