नखं बघू!

औरंगपुऱ्यात मुळे मॅडम समोरून येताना दिसल्या की माणसं मुठी मिटतात. चपलेतली बोटंही आखडून घेतात. कारण मॅडम 'काय, कसं काय' असं विचारतच नाहीत. थेट म्हणतात, "नखं बघू!" आणि ती वाढलेली दिसली की त्यांचा चेहरा खुलतो. "कापू नको रे. मला लागतील."

आमच्या वरच्या मजल्यावर त्या एकट्या राहतात. कॉलेजात जन्मभर रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झाल्या, पण शिकवणं काही थांबलं नाही. जिन्यात गाठून सांगतात, "पाणी खोटं बोलतं, नख नाय बोलत." म्हणजे असं, की पोटात गेलेलं विष नखात साठून राहतं. ते चिमूटभर नख अणुभट्टीत न्यायचं आणि त्यावर न्यूट्रॉनचा मारा करायचा. मग त्यातलं प्रत्येक मूलद्रव्य आपापले वेगळे किरण सोडतं. कोण आहे आणि किती आहे, दोन्ही कळतं. नमुना आत ढकलणं, बाहेर काढणं, मोजणं, पुढचा घेणं, सगळं यंत्र आपोआप करतं. "त्या यंत्राला साहेबाचा फोन जात नाय," हे मॅडमच्या लेखी त्याचं सर्वांत मोठं कौतुक.

वाळूजच्या पलीकडं एका वस्तीत सुमनताईंच्या तळहातांना घट्टे आले, अंगावर काळे डाग उठले. शेजारणींचंही तेच. वस्तीच्या टाकीत शेजारच्या कारखान्याच्या बोअरचं पाणी यायचं. तपासणीच्या दिवशी मात्र ती टाकी टँकरच्या चांगल्या पाण्यानं भरलेली असायची. तपासणीला येणारे सरकारी साहेब म्हणायचे, "पाणी उत्तम आहे. तुम्हीच अस्वच्छ राहता." या वाक्यानं माझं डोकं फिरलं. मी पडलो चळवळीतला, जळजळीत पत्रक छापून वाटलं. मॅडमनी ते वाचलं, त्यातल्या शुद्धलेखनाच्या चुका दाखवल्या आणि म्हणाल्या, "स्कूटर काढ."

वस्तीत जाऊन त्यांनी नखं मागितली आणि बायका मागं सरकल्या. नखं-केस परक्याच्या हाती द्यायचे नाहीत, त्यावर भानामती करतात, हे मराठवाड्यात कुणाला शिकवावं लागत नाही.

"व्हय बाई, आमची नखं नेऊन काय करणार तुमी?" सुमनताईंची सासू कडाडली.

मी अंधश्रद्धेवर भाषण सुरू केलं.

"गप रे!" मॅडम म्हणाल्या. मातीतच फतकल मारून त्यांनी स्वतःच्या पायाची नखं कापली आणि कागदात गुंडाळून सासूच्या हातात दिली. "ठेवा तुमच्याकडं. मी बेइमानी केली तर खुशाल करा भानामती. कसर ठेवू नका!"

म्हातारी बघतच राहिली. मग बोळकं उघडून खो-खो हसली. "लई बेरकी हाय ही!" आणि तिनंच पहिला पाय पुढं केला. त्या दुपारी मॅडमनी अख्ख्या वस्तीचे पाय मांडीवर घेतले. नखं कापता कापता कुणाचं काय दुखतं, कुणाचा पोरगा कुठं कामाला आहे, सगळं विचारून झालं.

एका जुन्या विद्यार्थ्याच्या मदतीनं ती नखं अणुभट्टीपर्यंत पोचली. अहवाल आला. आर्सेनिक होतं, आणि भरपूर होतं.

ऑफिसात साहेब हसले. "नखांवरून कुठं पाणी कळतं, मॅडम?"

"टाकी एका दिवसात धुता येते, साहेब. महिनोन्महिने वाढलेलं नख कसं धुणार? बघू तुमची?"

साहेबांनी हात टेबलाखाली नेले. तेवढ्यात त्यांना खिडकीतून बाहेर उभी असलेली अख्खी वस्ती दिसली. मग हात वर आले, पेनही उचललं गेलं. कारखान्याचं ते पाणी बंद झालं आणि वस्तीत पाइपलाइन आली. नव्या नळापुढं हलगी कडाडली, सुमनताई बेभान नाचल्या आणि म्हातारीनं मॅडमना निळ्या गुलालानं माखलं. एवढा देखणा विजय मी एकाही पत्रकात वाचला नव्हता.

पुढच्या रविवारी मॅडम पुन्हा वाळूजसाठी रिक्षात बसताना दिसल्या. मी गॅलरीतून ओरडलो, "जिंकलो की आपण! आता कशाला?"

"अरे, नखातलं विष उतरतंय का, बघायला नको?"

पटलं. पण जिन्यात पाहतो तर नमुन्यांच्या पिशव्या तिथंच पडलेल्या. त्या घेऊन मी धावत खाली गेलो. "मॅडम, नखं आणणार कशात?"

त्यांनी पिशव्यांकडं पाहिलं, मग माझ्याकडं. मांडीवरचा लाडवांचा डबा उगाच सरळ केला.

"राहू दे रे," त्या हळूच म्हणाल्या. "तिथं म्हातारी वाट बघत असते माझी."

आणि रिक्षावाल्याच्या पाठीवर थाप मारली. "चलो भाई, जल्दी."