दारावर आलेले क्वेसार

दूरची बातमी उशिरा पोचते, हा विश्वाचा नियम आहे. माहेरी भडगावला गेलेल्या प्रमिलाबाई वारल्या, पण गिरणेला पूर होता. मेहरूणला त्यांच्या नवऱ्याला, भाईदास सरांना, कळले तोवर दहन उरकले होते. मधल्या काळात सरांच्या लेखी बाई जिवंतच होत्या. (खगोलशास्त्रात याला चूक म्हणत नाहीत.)

सर कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवत आणि कॉलेजच्या वार्षिकासाठी क्वेसारांवर लेख लिहीत होते. क्वेसार दुर्बिणीतून ताऱ्यासारखा दिसतो, पण तारा नसतो; तो फार दूरच्या दीर्घिकेचा गाभा असतो आणि त्याचा उजेड अब्जावधी वर्षांनी पोचतो. त्याच्या उजेडातल्या रेषा पाहून त्याचा वर्ग ठरवतात. लेख अर्धा असतानाच लोक दारावर बसायला, म्हणजे सांत्वनाला, येऊ लागले. शास्त्रीय काम थांबवणे बरे नव्हे, म्हणून सरांनी तेच निकष पुढे चालवले.

पहिला वर्ग रेडिओ-मुखर. हे गल्लीच्या तोंडापासून रडताना ऐकू येतात आणि ओट्यावर चढले की गप्प होतात. दुसरा शोषक. चहा, बिडी, पंख्याचा वारा, वाटेत येईल ते शोषून घेतात. लखीचंद शेठ या वर्गातला उत्तम नमुना. तिसरा चहा पिताना ते म्हणाले, "सर, वय काही गेलं नाही तुमचं. बघायला हरकत नाही." तांबड्याकडे सरकलेल्या रेषा लांबच्या नातलगांच्या. जितका लांबचा, तितका पळण्याचा वेग जास्त. चोपड्याच्या मावसभावांनी चपलाही काढल्या नाहीत. (एसटी चुकली असती.)

सरांची थोरली बहीण भिकुबाई कोणत्याच वर्गात बसेना. ती नुसती जवळ बसून होती. शेवटी सगळ्यांची मोजणी बघून म्हणाली, "भाईदास, बठ्ठासले मोजी ऱ्हायना. तू कव्हय रडशी?"

"वर्गीकरण पुरं व्हऊ दे, अक्का."

सर्वांत मोठा वर्ग निरीक्षणात आलाच नाही. "एकदा जाऊन यायला हवं" असे म्हणणारे हे लोक घरोघर आहेत. वाचकांना आरशात पाहून खात्री करून घेता येईल. त्यांचा उजेड निघालेला आहे, असे ते सांगतात.

भडगावच्या गाडीत चढताना प्रमिलाबाईंनी विचारले होते, "इतलं दूरनं ते तुम्हनं क्वेसार, आते तठे शे का?"

"परत ये, मंग सांगसू," सर म्हणाले होते.

लेख छापून आला. क्वेसार आता तिथे आहे की नाही, ते सांगायचे राहिले आहे.