अर्लिसची सोडत, डेलमारची रायफल

डेलमार स्टोकेला संतापायला कधी कारण लागत नसे, पण त्या जूनमध्ये सरकारनेच ते पुरवलं.

मॉन्टानात मिसूरीकाठच्या दऱ्यांमध्ये मोठ्या शिंगांचा एल्क, म्हणजे सांबराहून थोराड हरीण, मारायचा तर खास परवाना लागतो, आणि परवान्याची सोडत निघते. डेलमार एकोणीस वर्षं न चुकता अर्ज भरत होता आणि एकोणीस वर्षं न चुकता त्याला नकार येत होता. या वर्षी त्याने डोकं चालवलं. घरातून दोन अर्ज गेले तर निदान एक तरी लागेल, म्हणून बायकोच्या नावानेही भरून टाकला. निकालाच्या दिवशी संगणकासमोर बसला. त्याच्या नावापुढे नकार होता. अर्लिसच्या नावापुढे मंजूर.

"पहिल्याच फटक्यात?" तो म्हणाला. "एकोणीस वर्षं मी काय झक मारली?"

"तूच भरलास ना माझा अर्ज?" अर्लिस भांडी पुसता पुसता म्हणाली. "मी मागितला होता का?"

कायदा असा की परवाना ज्याचा, गोळीही त्याचीच. नवऱ्याला चालत नाही, भावाला चालत नाही. डेलमारला फार तर सोबत जाता येणार होतं. दोन दिवस तो काउंटीचा ग्रेडर, म्हणजे रस्ते सपाट करायचं यंत्र, असा चालवत होता की खड्डे बुजायच्या ऐवजी नवे पडले. तिसऱ्या दिवशी मात्र तो छाती काढून नाश्त्याला आला.

"ऐक. तुझ्या वडिलांची ती जुनी बंदूक शंभर यार्डांपुढे काही कामाची नाही, आणि तिकडे एल्क पाचशे यार्डांवरून आपल्याकडे बघून हसतो. नवी रायफल घ्यायची. वर बसवायची दुर्बीण, काडतुसं, सगळं धरून बाराशे डॉलर. आणि बाराशेमध्ये लांब पल्ल्याची रायफल निवडणारा या तालुक्यात माझ्याशिवाय कुणी पैदा झालेला नाही."

"मी येते दुकानात."

"तुला त्यातलं काय कळतं?"

अर्लिसने बाराव्या वर्षी पहिलं हरीण मारलं होतं. तिने बशी जरा जोरात ठेवली, एवढंच.

इथून डेलमारचा उन्हाळा सुरू झाला. गावात एकच कॅफे, आणि त्या कॅफेत प्रत्येक पुरुषाचं स्वतःचं एक कॅलिबर, म्हणजे गोळीचं माप. माणसं चर्च बदलतील, बायको बदलतील, कॅलिबर बदलणार नाहीत. पोस्टमास्तर थर्टी-ऑट-सिक्सचा भक्त. पशुवैद्य सात मॅग्नमचा. आणि अर्लिसचा धाकटा भाऊ लाइल हा साडेसहाचा. या साडेसहाचं नाव काढलं की डेलमारची कानशिलं लाल व्हायची.

"दाजी, साडेसहा घ्या," लाइल ॲपल पायचा तुकडा तोंडात टाकत म्हणायचा. "धक्का कमी, काडतुसं स्वस्त, गोळी सरळ जाते. ताईला झेपेल."

"ते शाळेतल्या पोरींचं कॅलिबर आहे."

"एल्कला गोळी लागल्यावर तो विचारतो का, पोरीची आहे की पोराची?"

"तीनशे मॅग्नम," डेलमार टेबलावर मूठ आपटायचा. "पाचशे यार्डांवर जोर उरला पाहिजे. जोर! गोळी तिथवर पोचून माफी मागायला नकोय मला."

जुलैभर हेच. घरी आला की तक्ते. कुठल्या कॅलिबरची गोळी तीनशे यार्डांवर किती खाली येते, पाचशेवर किती, वारा ताशी दहा मैलांचा असला तर किती, वीसचा असला तर किती. फ्रिजवर नातवंडांच्या फोटोंवर तक्ते चिकटले. रायफलवर सगळे पैसे घातले तर दुर्बीण टुकार मिळायची, दुर्बीण चांगली घेतली तर रायफल भंगार, आणि दोन्ही बऱ्या घेतल्या तर काडतुसांना पैसे उरत नव्हते. रात्रीच्या जेवणाला तो मांस-बटाट्याचा भाजलेला कॅसरोल चिवडत दुर्बिणी बनवणाऱ्यांना शिव्या द्यायचा, मग गोळ्या बनवणाऱ्यांना, मग लाइलला.

"मी एकदा हातात धरून बघते ना," अर्लिस दुसऱ्यांदा म्हणाली.

"हातात धरून काय कळतं? ही काय भाजी आहे?"

ऑगस्टमध्ये तिने तिसऱ्यांदा विचारलं. तेव्हा तो तक्त्यातून मान वर न काढता म्हणाला, "तू फक्त घोडा दाब. बाकी डोकं माझ्यावर सोड." या वाक्यावर अर्लिसने त्याच्यापुढची ताटली उचलली आणि अर्धा कॅसरोल कुत्र्याला घातला. डेलमारला वाटलं, कुत्र्याला भूक लागली असेल. तो असा माणूस.

शेवटी एका मंगळवारी ऑरिन ट्वेटच्या दुकानात त्याला हवं ते सापडलं. तीनशे मॅग्नम, वापरलेली, दुर्बीण आणि काडतुसांचं एक खोकं धरून नऊशे डॉलर. उरले तीनशे, आणखी काडतुसांना. ऑरिन म्हातारा आणि सज्जन. त्याने काउंटरवर रायफल ठेवली आणि विचारलं, "अर्लिससाठी ना? तिला आणलं नाहीस?"

"तिचा माझ्यावर विश्वास आहे."

"हो का," ऑरिन म्हणाला. "विकलेला माल मी त्याच भावाने परत घेत नाही, माहीत आहे ना?"

"परत कोण आणतंय?"

घरी येऊन डेलमारने रायफल जेवणाच्या टेबलावर ठेवली आणि दोन पावलं मागे सरला, टाळ्यांना जागा हवी म्हणून. अर्लिसने हात पुसले. रायफल उचलली. सहज, रोजच्या सवयीने डाव्या खांद्याला लावली. डावा गाल दस्त्यावर टेकवायला गेली, तर दस्त्याचा उंचवटा दुसऱ्या बाजूला. काडतूस आत सरकवायचा दांडा शोधायला गेली, तर तो उजवीकडे. तिला रायफलीवरून हात पलीकडे टाकून तो ओढावा लागला.

तिने रायफल खाली ठेवली. फार हळू ठेवली.

"डेलमार, मी कुठल्या हाताने जेवते?"

त्याने रायफलीकडे पाहिलं, मग तिच्या हातांकडे.

"कुठल्या हाताने लिहिते? तुला जर्मन गोवर झाला तेव्हा तुझ्या तोंडात सूप कुठल्या हाताने घातलं? एकतीस वर्षं झाली लग्नाला. वारा किती, गोळी किती खाली येते, एल्क किती यार्डांवर, सगळं पाठ आहे तुला. बायको डावखुरी आहे हे कुठल्याच तक्त्यात नव्हतं का?"

"मी विसरलो," डेलमार म्हणाला.

"विसरलास. तीनदा म्हटलं, मला ने. तीनदा." तिचा आवाज अजून चढला नव्हता, आणि डेलमारला घाम फुटला तो त्यामुळेच. "मी लाइलला घेऊन जाते एल्कला. तुझी गरज नाही."

आता आपल्या माणसाने इथे हात जोडायला हवे होते. पण संतापलेल्या माणसाला आपली चूक दिसण्याआधी रायफलचे गुण दिसतात. बुधवारी कामावरून सुटल्यावर डेलमार रायफल घेऊन थेट खडीच्या खाणीत गेला. ही रायफल अशी काही मारून दाखवतो की दोघं भावंडं तोंडात बोटं घालतील. तो खडीच्या ढिगावर पालथा पडला, रागारागाने दुर्बिणीला डोळा अगदी चिकटवला आणि घोडा ओढला.

तीनशे मॅग्नमचा धक्का काय असतो हे त्याच्या तक्त्यात होतं. दुर्बीण मागे येऊन भुवईवर बसली तेव्हा ते त्याच्या कपाळावरही उमटलं. रक्त डोळ्यात, गोळी आभाळात.

गावच्या दवाखान्यातल्या नर्सने चार टाके घातले आणि काहीच विचारलं नाही. त्या गावात भुवईवर अर्धचंद्राची जखम घेऊन येणाऱ्याला कुणी काही विचारत नाही. दुर्बिणीने मारलं हे शेंबड्या पोरालाही कळतं, आणि हेही कळतं की हा माणूस रायफल धरायला अजून शिकला नाही. गुरुवारी सकाळी कॅफेत डेलमार शिरला तेव्हा सगळे एकदम खिडकीतून हवामान बघू लागले.

"दाजी," लाइल शेवटी म्हणाला, "जोर मात्र आहे हं तिच्यात."

डेलमारने कॉफी तशीच टाकली आणि बाहेर पडला.

अर्लिस शाळेची बस चालवायची; त्याच दुपारी ती बस लावून ऑरिनच्या दुकानात गेली. मॅग्नम काउंटरवर ठेवली.

"पाचशे," ऑरिन ओशाळून म्हणाला. "मी बजावलं होतं त्याला."

"चालेल. काडतुसांचे राहिलेले धरून आठशे आहेत माझ्याकडे. डावखुऱ्यांची कुठली आहे?"

"एकच आहे. दोन वर्षं पडून आहे, घ्यायला कुणी डावखुरं येतच नाही. म्हणून स्वस्त लावली आहे. दुर्बीण आणि दोन खोकी काडतुसं धरून आठशेत देतो."

तिने उचलली, खांद्याला लावली, दांडा एकदा मागे-पुढे केला. "द्या."

"कॅलिबर नाही विचारलंस?"

"बरं, आता विचारते."

"साडेसहा."

अर्लिस त्या आठवड्यात पहिल्यांदा हसली. खरेदीला तिला सहा मिनिटं लागली होती. डेलमारला अडीच महिने आणि चार टाके.

घरी डेलमारने ती रायफल पाहिली, तिच्यावर कोरलेलं कॅलिबर वाचलं आणि त्याच्या भुवईचे टाके तटतटले. एकोणीस वर्षं त्याने त्या दऱ्यांमधला एल्क झोपेत पाहिला होता. आता तो एल्क लाइल बघणार, लाइल त्याची शिंगं धरून फोटो काढणार, आणि पुढची वीस वर्षं नाताळाला त्याची गोष्ट सांगणार. हे त्याला सहन होईना.

"मला ने," तो म्हणाला. "मांस मी वाहीन. सगळं. सहा मैल असलं तरी."

"एका अटीवर. गाडीतून उतरल्यापासून एल्क पडेपर्यंत तू एक शब्द बोलायचा नाहीस. वाऱ्याबद्दल नाही, यार्डांबद्दल नाही, कॅलिबरबद्दल तर नाहीच."

"आणि समजा—"

"लाइलला फोन करू?"

डेलमारने नाही म्हणून मान हलवली.

ऑक्टोबरच्या अखेरीस दोघं निघाली. नारिंगी जाकिटं, पाठीवर मांस वाहायच्या चौकटी, तोंडातून वाफा. चार तासांत डेलमारने जेवढं गिळलं तेवढं त्याने आयुष्यात गिळलं नव्हतं. ती चुकीच्या घळीने वर चढते आहे असं त्याला वाटलं, गिळलं. ती वाऱ्याकडे बघत नाही असं वाटलं, गिळलं. मग समोरच्या उतारावर, पाचशे यार्डांवर तो एल्क उभा राहिला. सहा-सहा टोकांची शिंगं, काळसर मान. डेलमारने हातमोजा तोंडात कोंबला. मार, आत्ता मार, एवढ्यासाठीच सगळा जीव काढला ना!

अर्लिसने नुसतं पाहिलं आणि पालथी होऊन पुढे सरपटू लागली. पाऊण तास. कधी बर्फातून, कधी निवडुंगातून. डेलमार मागून हातमोजा चावत. दीडशे यार्डांवर ती थांबली, डावा गाल टेकवला, श्वास सोडला. एक आवाज झाला, तोही फार मोठा नाही. एल्क चार पावलं चालला आणि बसला, मग आडवा झाला.

दोघं जवळ गेली. अर्लिसने हातमोजा काढून एल्कच्या मानेवर हात ठेवला. मग कायद्याप्रमाणे परवान्यावर तारखेची खाच पाडली, तो शिंगाला बांधला आणि सुरी काढली.

"बोल आता."

डेलमारने तोंडातून लोकर काढली. सकाळपासूनचं सगळं घशाशी जमा होतं: घळ, वारा, यार्ड, साडेसहा. त्यातलं एकही बाहेर येईना. भुवईचा वण थंडीने ठणकत होता. तो एल्ककडे बघत होता आणि त्याला राग काढायला कुणीच सापडत नव्हतं. एकच माणूस होता, तो स्वतःच, पण तिथवर पोचायला त्याला जूनपासून ऑक्टोबर लागला.

"मी विसरलो नव्हतो," तो म्हणाला.

"काय?"

"तुझा हात. दुकानात ऑरिनने रायफल समोर ठेवली तेव्हाच मला आठवलं. तरी घेतली. परवाना तुझा लागला, तर रायफल तरी माझी असू दे म्हटलं."

अर्लिसने सुरीला दोनदा धार लावली.

"ते मला त्याच दिवशी कळलं होतं," ती म्हणाली. "दस्ता तुझ्याच मापाचा होता. चल, आता मागचा पाय वर उचलून धर, आणि नीट धर. गाडी सहा मैलांवर आहे आणि अंधार साडेपाचला पडतो."