चिपची खंडेनवमी

काकासाहेबांना खुर्चीत जाग आली तेव्हा लेकीच्या टेबलावरचे लाल दिवे विझलेले होते आणि हिरव्या बोर्डाच्या मधोमध, बरोबर चिपच्या कपाळावर, हळदकुंकू होतं.

आकांक्षा बेंगळुरूच्या एका कंपनीत चिपा तपासायची. दसऱ्याला केदारखेड्याला येताना कामही घेऊन आली होती. ही चिप कोरी असते. ज्याचा प्रोग्राम भरावा, ते यंत्र ती होते. "पण बाबा, वीज तुटली की सगळं विसरते," भोकरदनला झेंडूची फुलं आणायला निघताना ती म्हणाली होती. "दसऱ्यापर्यंत न थांबता चालली, तरच गिऱ्हाईक घेणार. माझं पहिलंच मोठं काम आहे. बघाल ना?"

जन्मभर शाळेत शिकवूनही घरात काकासाहेबांवर कोणी उतू जाणारं दूधसुद्धा सोपवत नसे. हरखून ते टेबलाशी खुर्ची टाकून बसले. चूक एकच झाली. सोबत पुस्तक घेतलं.

"अगं, हे काय केलंस?"

"पिन काढून पूजा केली," त्यांची बायको झुंबरबाई फुलवाती वळता वळता म्हणाल्या. "चालू ठेवून शॉक बसला असता न्हाई का?"

"पण ते बंद करायचं नव्हतं!"

"आज खंडेनवमी हाय. विळ्याला सुट्टी, मिक्सरला सुट्टी, शिलाई मशीनला सुट्टी. मंग ह्या बारक्या जिवानंच काय घोडं मारलं? लेक ज्याच्यावर पोट भरती, त्याला आधी कुंकू लावावं."

काकासाहेबांनी घाईघाईनं पिन खोचली. एक हिरवा दिवा लागला, पण मुंग्यांच्या रांगेसारखे पळणारे लाल दिवे काही पळेनात. चिपवरचा इवलासा पंखा मात्र खर्र करून अडला. पात्यात अक्षता अडकली होती.

त्यांनी शेजारच्या मिथुनला हाक मारली. तो विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींचं वाइंडिंग भरून द्यायचा.

"चिमटा आण, बाबा. जल्दी."

"गुरुजी, आज चिमट्याला हात लावत न्हाई मी. पूजा झालीया त्याची."

"मग पेचकस?"

"तेबी चिमट्याशेजारीच बसलंय, हार घालून."

काकासाहेबांनी शिलाई मशीनची सुई मागितली. झुंबरबाईंनी असं बघितलं, की त्यांनी मागणी तिथंच गिळली. भाजीची सुरी, कात्री, सगळी पाटावर मांडलेली. शेवटी खराट्याची काडी मिळाली. अक्षता निघाली, पंखा फिरला. लाल दिवे मात्र ढिम्म.

"मोबाईल अडकला की काय करतेत? रीसेट," मिथुन म्हणाला आणि काकासाहेब नको म्हणेपर्यंत त्यानं बोर्डावरचं बटण दाबलं. होता तो हिरवा दिवाही गेला.

"आता बिलकुल नव्यासारखी झाली, गुरुजी," असं म्हणून तो सटकला.

फुलांची पिशवी घेऊन आकांक्षा दारात उभी राहिली, तेव्हा काकासाहेबांनी टॉवेलनं बोर्ड झाकायचा विचार केला, आणि लगेच त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

"माझा डोळा लागला गं. आईला काही बोलू नकोस."

आकांक्षा टेबलापाशी मटकन बसली. "प्रोग्राम परत भरता येतो, बाबा. चाललेले दिवस कुठून भरू?" मग डोळे पुसून तिनं साहेबांना फोन लावला. काकासाहेब भिंतीला टेकून उभे. इंग्रजी त्यांना समजत होतं, पण भीतीनं कान काम देईनात. पलीकडून एकदम हसणं ऐकू आलं. आकांक्षाचा चेहरा आधी कोरा, मग लाल झाला.

"काय म्हणले गं?" झुंबरबाई.

"त्यांच्याकडेही आज आयुधपूजा आहे," फोनवर हात ठेवून ती म्हणाली. "सकाळीच लॅबचं मेन स्विच पाडलं त्यांनी, गिऱ्हाइकाला विचारून. सगळ्यांच्या चाचण्या दसऱ्यानंतर पहिल्यापासून. मला विचारताहेत, सणाच्या दिवशी मशीन चालू ठेवायला तुला कोणी सांगितलं?"

काकासाहेबांनी इतका मोठा श्वास सोडला, की टेबलावरची फुलवात उडाली.

"साहेब शहाणा दिसतोय," झुंबरबाई म्हणाल्या. "लॅबमधीच हाय का आता?"

"घरी आहेत. पूजेला तिथं दृष्ट काढायला दारात कोहळा फोडतात म्हणे. त्याच्यावरूनच घसरले. पाय प्लास्टरमध्ये आहे."

झुंबरबाईंनी हळहळून मान हलवली. मग एकदा बोर्डाकडे बघितलं, एकदा उंबऱ्याकडे.

"अहो," त्या हलकेच म्हणाल्या, "कोहळं न्हाई घरात. दुधी चालंल का?"