आप्पा जमिनीवर आहेत

केज तालुक्यात म्हाताऱ्या माणसांची काळजी एआयकडून घेणारा पहिला माणूस कोण? मी, हरिओम! हे मी उगाच म्हणत नाही, माझ्या व्हिजिटिंग कार्डावरच तसं छापलंय. धंद्याचं नाव 'सोबती होमकेअर'. पोरं पुण्याला, आईबाप गावाला आणि मधे मी. घरात सांभाळायला एक बाई ठेवायची आणि भिंतीवर एक कॅमेरा ठोकायचा. म्हातारं माणूस पडलं की कॅमेऱ्यातला एआय ते ओळखतो, त्याला धीर देतो आणि घरच्यांना फोटोसकट निरोप धाडतो.

"कोचिंग क्लासची नोकरी सोडून आता लोकांच्या भिंतीला भोकं पाडत फिरणार का तुमी?" बायको, अंजू, म्हणाली.

"बघच तू. वर्षात बीडला ऑफिस टाकतो."

पहिलं गिऱ्हाईक लागलं ते युसूफ वडगावचे आप्पा. त्यांचा मुलगा तानाजी पुण्यात मोठ्या सोसायटीत राहतो. त्यानं मला साफ सांगितलं, "हरिओम, महिनाभर एक बी तक्रार नको. मग सोसायटीतल्या निम्म्या लोकांचे आईबाप तुझ्याकडं देतो. तक्रार आली, तर कॅमेरा काढायचा आणि परत तोंड दाखवायचं न्हाई." एवढ्या एका म्हाताऱ्यावर माझं बीडचं ऑफिस अडकलं होतं.

कॅमेरा बसवला. दुपारी आप्पा भाकरी खायला खाली बसले, तशी भिंत बोलली, "आप्पासाहेब, आपण पडला आहात. घाबरू नका. मदत येत आहे."

आप्पांचा घास हातातच राहिला. "कोण पडलंय बे? जेवायलोय मी."

मग त्यांना सांभाळायला ठेवलेल्या विमलबाई डाळ निवडायला बसल्या. त्याही पडल्या. संध्याकाळी आप्पांचे भजनी दोस्त आले आणि सतरंजीवर बसले, तर भिंत म्हणाली, "एकाच वेळी अनेक व्यक्ती पडल्या आहेत." भूकंप झाला म्हणून दोघं तर चपला न घालता पळाले.

मी कंपनीला फोन लावला. तिथला साहेब म्हणाला, "सर, याला परदेशातल्या वृद्धांवर शिकवलंय. ते सोफ्यावर बसतात, पलंगावर झोपतात. जमिनीवर दिसला तो पडलेलाच."

"साहेब, आमच्याकडं अख्खा तालुका जमिनीवर असतो हो!"

शेवटी त्यांनी तोडगा काढला. माणूस नुसतं बसलं तर मशीन गप्प राहील. अर्धा तास आडवं, हालचाल नाही आणि हाकेला ओ नाही, असं झालं तरच निरोप जाईल. मी खूश झालो. त्या खुशीत 'जवळच्या व्यक्ती' या रकान्यात तानाजीच्या पोरीच्या लग्नाचा अख्खा व्हॉट्सॲप ग्रुप भरून टाकला. भावकी, सोयरे, मांडववाला, बँडवाला, सगळे. रिकामी जागा दिसली की भरायची, ही आपली जुनी खोड.

इकडं आप्पांनी त्यांचा तोडगा काढला होता. भिंतीची कटकट नको म्हणून त्यांनी दोन्ही कानांत कापसाचे बोळे कोंबले.

वडगावचा बाजार होता त्या दिवशी विमलबाईंनी आप्पांना जेवू घातलं. शेळ्या घरात शिरतात म्हणून बाहेरून कुलूप लावलं आणि बाजाराला गेल्या. आप्पांना पलंगावर झोप येत नाही. ते भुईवर आडवे झाले आणि माशा बसू नयेत म्हणून पांढरं धोतर पायापासून डोक्यावरून ओढून घेतलं. अर्धा तास गेला. भिंतीनं हाका मारल्या. कापसानं आपलं काम चोख केलं आणि निरोप सुटला: 'आप्पासाहेब जमिनीवर आहेत. हालचाल नाही. प्रतिसाद नाही. कृपया लवकर या.' खाली फोटो.

आता आपल्याकडं माणसाला शेवटी जमिनीवर घेतात, हे त्या परदेशात शिकलेल्या मशीनला काय माहीत!

मी केजला दाढी करत होतो. न्हावी मोबाइल बघत म्हणाला, "वडगावचे आप्पा गेले की हो."

"कुठं गेले?"

"असं काय विचारता! बॅनर बी आलाय बघा." खरंच, 'भावपूर्ण श्रद्धांजली', हार घातलेला फोटो आणि शोकाकुल मंडळींत शेवटी माझ्या सोबती होमकेअरचं नाव. अर्ध्या दाढीनं तसाच मोटरसायकलवर बसलो.

वडगावला पोचलो तर अंगणात पाय ठेवायला जागा नाही. एका पिकअपमधून लाकडं उतरवत होते. बांबू आला होता, मडकं आलं होतं. बँडवाला कोपऱ्यात उभा राहून, "वाजवायचं का न्हाई, कायतरी सांगा," म्हणत होता. दाराला मात्र कुलूप तसंच.

"कुलूप तोडा की!" मी ओरडलो.

"खबरदार," धुळाजी म्हणाले. धुळाजी म्हणजे आप्पांचे चुलतभाऊ. शेताच्या बांधावरून दोघांचं बोलणं कधीच बंद झालेलं. "खिडकीतून बघितलंय आमी. जायचं ते गेलं. आता तानाजी येऊ द्या. मागून एखादा सोन्याचा डाग हरवला, तर भावकीवर आळ यायचा."

एवढं बोलून धुळाजींना भडभडून आलं. त्यांनी खिडकीचे गज धरले आणि सगळ्या गावादेखत हंबरडा फोडला, "आप्पा, मला माफ कर रे! बांध मीच सरकवलता! तुझी काय चूक नव्हती!"

खिडकीत धोतर हललं. आप्पा उठून बसले, डोळे चोळत खिडकीशी आले आणि म्हणाले, "धुळाजी, जरा मोठ्यानं बोल. कानात कापूस हाय माझ्या."

बायका किंचाळल्या. मडकं कुणाच्या तरी हातून सुटलं. धुळाजी खिडकीचे गज सोडत कसंबसं म्हणाले, "काय न्हाई... तब्येत बरी हाय ना, एवढंच विचारायलोय."

"मला बरं हाय. पण तू रडायलास कावून?"

पुढं काय सांगू! बाजारातून आलेल्या विमलबाई गर्दी बघून दारातच मटकन बसल्या, आणि आतून भिंत अजून आप्पांना धीर देत होती, "मदत येत आहे."

तानाजीला फोन केला, पण तो तोवर नगर ओलांडून आला होता. म्हणाला, "आता येतोच, तुझ्याकडं बघायचंय मला." संध्याकाळी बायकापोरांसकट उतरला तो थेट माझ्या गचांडीवर. "आत्ताच्या आत्ता काढ तो कॅमेरा!"

मी पान्हा घेऊन भिंतीकडं निघालो. गेलं बीडचं ऑफिस! तेवढ्यात आप्पा काठी आडवी घालून उभे राहिले. नातू येऊन बिलगल्यानं त्यांचा चेहरा नुसता फुलला होता.

"हात लावशील तर बघ," आप्पा म्हणाले. "दोन दिवाळ्या बोलवायलोय, आला का ह्यो? ह्या भिंतीनं एका दुपारीत आणला."

तानाजी दोन दिवस राहिला. सोसायटीतलं काम मात्र त्यानं मला दिलं नाही ते नाहीच.

पण आठ दिवसांत माझ्या दारात रांग! पुढं चंद्रभागाबाई, ज्यांचा थोरला मुंबईला असतो. "हरिओम, आप्पासारखं मशीन मला बी बसव."

"बसवतो की आजी. आता कंपनीनं सुधारून दिलंय. झोपलेलं माणूस अचूक ओळखतंय. एक बी खोटा निरोप जात न्हाई."

आजी पायरीवरून उठल्याच. "सुधारलेलं मला काय करायचंय? माझा थोरला यील का तेनं?" त्यांच्यामागं सगळी रांग उठली.

तर मंडळी, सध्या माझा मुक्काम कंपनीच्या दारात आहे. एवढं शहाणं केलेलं मशीन परत येडं करून द्या म्हणून मी त्या साहेबाच्या पाया पडतोय, आणि माझं डोकं तपासून घ्यावं म्हणून साहेबानं अंजूला फोन केलाय.