अळंबीच्या पुस्तकाची पहिली आवृत्ती

एका जंगलात पुस्तकं छापायची सोय होती. दवाखाना नव्हता, पण ते असू दे. हात वर करू नका बाळांनो, शंका शेवटी.

त्या जंगलात साळूबाई नावाची सायाळ राहायची. दर पावसाळ्यात तिथे कोणी ना कोणी विषारी अळंबी खायचं आणि कायमचं आडवं व्हायचं. मागच्या साली साळूबाईची धाकटी बहीण गेली. साळूबाई फार रडली. मग तिने स्वतःचाच एक काटा उपटला आणि पुस्तक लिहायला बसली. 'कोणती अळंबी खावी, कोणती खाऊ नये.' अडतीस पानं. एक शब्द फालतू नाही. यंदाच्या पावसाआधी ते बिळोबिळी पोचावं, एवढंच तिला हवं होतं.

वाटेत मुंगूस भेटलं.

"साळूबाई, मध्यस्थ नेमलाय का? परदेशातल्या जंगलांत त्याच्याशिवाय पुस्तकाला कोणी हुंगतसुद्धा नाही. मी आहे ना!"

"तू काय करणार?"

"तुमचं पुस्तक घेऊन प्रकाशकाच्या झाडाखाली जाणार."

"ते काय समोरच झाड," साळूबाई म्हणाली आणि स्वतःच गेली. तिला पंधरा पावलं चालावं लागलं.

त्या झाडाच्या ढोलीत नाना सुतारपक्ष्यांचं छोटंसं प्रकाशन होतं. संपादक नाना, मुद्रक नाना, शिपाईही नानाच. पळसाच्या पानावर ते चोचीने एकेक अक्षर टोचायचे. चाळीस पानांच्या पुढे गेलं की त्यांची मान धरायची. म्हणून त्यांची सगळी पुस्तकं चाळीस पानांची.

नानांनी साळूबाईचं पुस्तक एका बैठकीत वाचलं. बहिणीबद्दलच्या ओळींपाशी डोळे पुसले. "ताई, छापतो. पावसाआधी देतो."

किती चांगले नाना! मला तर ते अजून आवडतात.

"फक्त एखाद्या मोठ्या नावाची प्रस्तावना हवी," नाना म्हणाले. "त्याशिवाय कोणी पुस्तक हातात धरत नाही."

"पण दोनच पानं उरतात, नाना."

"मग दोनच पानं मागू."

अस्वलराव तयार झाले. ते जंगलातले ज्येष्ठ समीक्षक. कोणी शिंकलं तरी त्या शिंकेची परंपरा सांगायचे. मागितली दोन पानं, आली एकोणीस. सोबत निरोप, "यातली एक वेलांटीही काढायची नाही." हे गवेसाहेबांना कळलं. ते साहित्य मंडळाचे अध्यक्ष. ते रुसले. मग त्यांच्याकडूनही प्रस्तावना घ्यावी लागली. त्यांनी अस्वलरावांची पानं मोजली आणि वीस लिहिली.

उरलं एक पान.

"तिथे माझं थोडं तरी घाला," साळूबाई म्हणाली.

नाना खाली बघत पुटपुटले, "तिथे ऋणनिर्देश लागतो, ताई. दोघांचे आभार मानले नाहीत तर बरं दिसत नाही. तुमचा मजकूर दुसऱ्या आवृत्तीत नक्की घालू."

साळूबाईचे सगळे काटे उभे राहिले. पण पावसाळा तोंडावर आला होता, आणि दुसरा प्रकाशक नदीपलीकडे राहत होता. तिने मान हलवली.

प्रकाशन समारंभ दणक्यात झाला. शाल, श्रीफळ आणि दोन तास भाषणं. "या छोट्या पुस्तकाने कितीतरी जीव वाचतील," गवेसाहेब गहिवरून म्हणाले. मग अल्पोपाहार आला. गरमागरम अळंबीची भजी.

साळूबाईने ताटलीत पाहिलं आणि किंचाळली, "अहो, खाऊ नका! ही ठिपक्यांची अळंबी आहे!"

"ताई," अस्वलराव तोंडात चार भजी कोंबत म्हणाले, "लेखकाने मध्ये बोलू नये. पुस्तकाला बोलू द्यावं."

घटकाभरात अस्वलराव फुलपाखरू झाले आणि एका झेंडूवर जाऊन बसले. झेंडू मेला. गवेसाहेबांनी वडाच्या झाडाला मिठी मारून "सूनबाई, चहा टाका" असा धोशा लावला.

"उपाय बघा! पुस्तकात उपाय बघा!" सगळे ओरडले.

नानांनी पुस्तक उघडलं. अस्वलरावांनी लिहिलं होतं, "विषबाधेवरचा उपाय लेखिकेने इतक्या सोप्या शब्दांत दिला आहे, की त्याची पुनरुक्ती मी टाळतो."

शेवटी साळूबाई स्वतः धावली. पाला आणला, ठेचला आणि दोघांना चारला. दोघंही वाचले. तिला त्यांचा भयंकर राग आला होता, तरी चारला.

या प्रकाराने पुस्तकाचा इतका गाजावाजा झाला, की पहिली आवृत्ती आठवड्यात संपली. साळूबाई धापा टाकत ढोलीपाशी पोचली.

"नाना, आता माझी अडतीस पानं!"

नाना ढोलीत आणखी आत सरकले.

"ताई, नव्या आवृत्तीला नवी प्रस्तावना लागते. अस्वलरावांनी स्वानुभवावर लिहायला घेतलीय. तेवीस पानं झालीत. अजून ते भज्यांपर्यंत आलेले नाहीत."

तात्पर्य: पुस्तक चांगलं असेल, तर ते छापून यायला मध्यस्थ लागत नाही. पुस्तकही लागत नाही.