हसनचाचांचा मिटलेला शंख

माझे शेजारी हसनचाचा शंखाला दार असल्यासारखे वागतात. उचलण्याआधी नखाने तीनदा टकटक करायची, "कोन हाय आत?" असं विचारायचं, थोडं थांबायचं आणि मगच हात लावायचा. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हसू आवरेना. दुसऱ्या खेपेला मीही उत्तराची वाट बघत थांबले, तेव्हा मात्र हसू आलं नाही.

मी रत्नागिरीत समुद्री गोगलगायींचा अभ्यास करते. चाचा मूळचे बुरोंडीचे, सगळा जन्म होडीवर गेलेला. त्यांच्या खोलीत फळीवर ढीगभर शंख आहेत, सगळ्यांची तोंडं भिंतीकडे. का, तर "समोर ठेवले का बघत बसतात." चाची जाऊन बरीच वर्षं झाली. मी चहाला गेले की चाचा तीन कप भरतात. तिसरा कोणाचा, हे मी कधी विचारलं नाही. मी शास्त्राची माणूस, नसत्या गोष्टींना फार घाबरते.

त्यातला एक शंख वेगळा होता. लिंबाएवढा, तोंडावरचं झाकण घट्ट मिटलेलं, म्हणजे प्राणी आतच सुकलेला. तसली नक्षी मी ना किनाऱ्यावर पाहिली होती, ना पुस्तकात. जात ठरवायची तर आतलं शरीर बघायला हवं. मी फोडायचं नाव काढलं मात्र, चाचांनी माझ्या हातातली बशी काढून घेतली.

"फोडायचा नाय. चहा पन नाय मिळनार."

शेवटी मीच तोड काढली. ओळखीच्या स्कॅन सेंटरात, दुपारी पेशंट संपल्यावर जायचं. चाचांनी शंख रुमालात गुंडाळून रिक्षातून मांडीवर आणला. पण नाव घातल्याशिवाय मशीन पुढे सरकेना. तिथल्या मुलीने गमतीने विचारलं, "पेशंटचं नाव?"

"अमिना," चाचा लगेच म्हणाले.

"वय?"

"सहा."

कोणीच हसलं नाही. पडद्यावर शंखाची वळणं उमटली आणि पार आत, अंग आवळून बसलेलं इवलंसं काहीतरी. चाचा पडद्याजवळ वाकून हळूच म्हणाले, "झोपलीय."

घरी परतल्यावर त्यांनी सांगितलं. अमिना त्यांची एकुलती एक लेक. तापाने दोन दिवसांत गेली. तिला दफन करून घरी आले, तर तिच्या फ्रॉकच्या खिशातून निघून हा शंख फरशीवर चालत होता.

"दोन दिस चालला. खर्र, खर्र. मला वाटला, तीच फिरतेय घरात. दर्यात सोडला असता तर जगला असता. माझ्यानं नाय सोडवला."

आतला जीव मेल्यावर त्यांनी शंख मासळीसारखा मीठ लावून उन्हात सुकवला.

त्या मिठानेच आतलं मांस टिकलं होतं. "टोचंल काय तिला?" असं दोनदा विचारून चाचांनी झाकणाच्या फटीतून तांदळाएवढा कण काढू दिला. काही आठवड्यांनी जनुकांचा अहवाल आला. आपल्या किनाऱ्यावर या जातीची नोंद आजवर कोणी केलेली नव्हती! मी पेढे घेऊनच धावत गेले.

चाचांनी पेढा नुसता हातात धरला. "म्हंजे हा एकटाच होता? त्या एकट्याला मी मारला?"

"नाही हो चाचा. खाली खोल पाण्यात असतील ना बाकीचे. आई, भावंडं, सगळे."

अहवालात असं काही लिहिलेलं नव्हतं.

"मग त्यांना कधी भेटलीस तर सांग," चाचा म्हणाले, "पोरीनं खेळायला नेला होता."